अर्नेस्टीनच्या मुठीचं पिस्तूल

त्या शनिवारी पिस्तूल पुन्हा गप्प बसलं तेव्हा रँडल हसला. फार नाही, मिशीतल्या मिशीत. पण अर्नेस्टीनने ते पाहिलं, आणि तिच्या मागच्या बाकावर कानात बोळे घालून बसलेल्या मीही पाहिलं.

"मिस अर्नेस्टीन, या पिस्तुलाला तुमची ओळखच पटत नाहीये," तो म्हणाला.

पिस्तूल आमच्या नेमबाजीच्या क्लबचं होतं, जुन्या लष्करी घडणीचं, जड पोलादाचं. अशा पिस्तुलाच्या मुठीला मागच्या बाजूने एक कळ असते. तळव्याने ती पुरती दाबली गेली तरच चाप ओढल्यावर गोळी सुटते. मूठ नीट धरल्याशिवाय उडू नये म्हणून ती सोय. अर्नेस्टीनच्या उजव्या तळव्यात अंगठ्याच्या मुळाशी मांस उरलेलं नाही. उभं आयुष्य आमच्या गावच्या कोंबड्यांच्या कारखान्यात हाडं सोडवण्यात गेलं, मग मनगटाची शस्त्रक्रिया झाली, आणि तिथे खळगा पडला तो कायमचा. कळ नेमकी त्या खळग्यात जाऊन बसायची आणि दाबलीच जायची नाही.

रँडल क्लबच्या स्पर्धांची व्यवस्था बघतो. माणूस वाईट नाही, पण त्याच्या तोंडी उत्तर आधी तयार असतं. "कळ दाबून कायमची बांधून टाका, इथले कितीतरी जण तेच करतात. नाहीतर पर्समध्ये मावेल असं एखादं हलकं पिस्तूल घ्या आणि बायकांच्या गटात खेळा. पण अडणारं पिस्तूल घेऊन जिल्ह्याच्या सामन्याला मी तुमचं नाव देणार नाही. मागची सगळी रांग खोळंबते."

"नाव लिहून ठेव," अर्नेस्टीन म्हणाली. "अडणारं पिस्तूल मी आणणार नाही."

गाडीत बसल्यावर ती मला म्हणाली, "लव्होनिया, मी माझं स्वतःचं बांधून घेणार. एकेक भाग निवडून."

"अगं, तू आजवर पडदेसुद्धा तयार शिवलेले आणलेस."

"म्हणूनच. कारखान्यातला सुरा पुरुषाच्या मुठीचा होता. हातमोजे पुरुषांचे. मी माझा हात त्यांच्या मापात कोंबत राहिले आणि हातच गेला. आता उरलेल्या हाताला तरी मी कुणाच्या मापात कोंबणार नाही."

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये पास्टर गेन्स हातांवरच बोलायला लागले, तेव्हा मी अर्नेस्टीनकडे वळून पाहिलं. ती सरळ समोर बघत होती. आमचे पास्टर आधी हळू बोलतात, शेजाऱ्याशी कुंपणावरून बोलावं तसे. मग एखादा शब्द लांबतो, त्याला सूर फुटतो, ऑर्गन त्या सुराच्या मागे धावतो, आणि बघता बघता प्रवचनाचं गाणं होतं. "हात आधी आला," ते गात होते, "हत्यार मागून आलं." आम्ही म्हणत होतो, "हो." "मग हाताने हत्याराची माफी का मागावी?" माझे डोळे वाहत होते. माझं नेहमीचंच आहे ते; त्या चढत्या सुरात मला सगळ्या जगाला पोटाशी धरावंसं वाटतं, रँडललासुद्धा. अर्नेस्टीनच्या डोळ्यांत मात्र पाणी नव्हतं. ती डाव्या अंगठ्याने उजवा तळवा चाचपत होती.

सोमवारी आम्ही आमच्या चर्चचा कारभार बघणारे डीकन थर्मन बोल्डन यांच्या घरामागच्या कार्यशाळेत गेलो. साऱ्या परिसरात पिस्तुलं बांधणारा त्यांच्या तोडीचा माणूस नाही, आणि हे त्यांना चांगलं ठाऊक आहे.

"सिस्टर अर्नेस्टीन, तुम्ही काळजी करू नका. मी सगळं बघतो. अॅल्युमिनियमचा सांगाडा घेऊ, हलका."

"पोलादाचा."

"हात दुखेल."

"हलकं पिस्तूल जास्त उसळतं, डीकन. तो धक्का माझ्या मनगटाने खाल्लाय. जड पिस्तूल तो स्वतः खातं."

डीकनने चष्मा कपाळावर सरकवला. "बरं. नळी?"

"पूर्ण लांबीची. गोळी लहान मापाची, आणि तिला सोसेल अशी मऊ स्प्रिंग. नळीवरची स्लाईड मागे ओढताना मला दात लावायचे नाहीत."

"चाप लांब टाकतो, स्पर्धेतले सगळे लांबच घेतात."

"त्या सगळ्यांची बोटं लांब आहेत. आखूड टाका. मुठीच्या पट्ट्या पातळ. नेम धरायची माशी सोनेरी, मोठी, म्हातारीला दिसेल अशी."

"आणि माझं काय काम?" डीकन कुरकुरले.

"बांधायचं," अर्नेस्टीन म्हणाली. मी हसू दाबायला खोकले.

भाग आले, घासून बसवले गेले. डीकनचा निरोप आला तेव्हा पिस्तूल हिरव्या फडक्यावर तयार होतं. त्यांनी ते रिकामं असल्याचं आम्हा दोघींना उघडून दाखवलं, अर्नेस्टीनचा हात टेबलावर टेकवून तिच्या मुठीत दिलं. चाप टकटक वाजला, पुन्हा वाजला. डीकन खूश झाले.

मग अर्नेस्टीन उभी राहिली. दोन्ही हात पुढे, आणि उजवा अंगठा वरच्या खिट्टीवर चढवलेला, जशी ती नेहमी उभी राहते तशी. चाप ओढला. काहीच नाही.

"अंगठा खाली घ्या," डीकन म्हणाले.

"खाली घेतला की नळी डुलते. अंगठा वरच राहील."

"मघाशी तर चाललं."

"मघाशी मी बसले होते. बसून खेळणार आहे का मी?"

तिने पर्समधून लिपस्टिक काढली, रविवारची, गडद लाल. पिस्तुलाच्या मागच्या कळीवर ती जाड फासली आणि अंगठा वर ठेवून मूठ आवळली. मग तळवा डीकनच्या चष्म्यापुढे धरला. कडेला लाल रेघ उमटली होती. मधला खळगा कोरा.

डीकनने तो तळवा उजेडाकडे वळवून पाहिला. "माप मी टेबलावर घेतलं," ते म्हणाले. "चुकलं माझं. पण आता सामना तोंडावर आलाय. कळ बांधून टाकू? चुटकीसरशी होईल. कुणाला कळणारही नाही."

"मला कळेल." तिचा आवाज चढला नव्हता. "कळ बरोबर आहे, डीकन. ती तिचं काम करते. माझा हातही बरोबर आहे. त्या दोघांच्या मध्ये जे लोखंड कमी पडतंय, ते घाला."

"उंचवट्याची तयार कळ मिळते, पण तीही तुमच्या खळग्याला पुरणार नाही. तिच्यावर धातू चढवावा लागेल, मग कानशीने उतरवायचा. तुम्हाला इथे बसावं लागेल."

"बसते. लव्होनिया, तुला घाई आहे का?"

मला घाई नव्हती. त्या आठवड्यात तिथेच आमचं दुपारचं खाणं व्हायचं, बिस्किटं आणि गार चहा. डीकन घासायचे, ती लिपस्टिक फासायची, मूठ आवळायची, तळवा दाखवायची. "अजून." पुन्हा कानस. मी एखादं भजन गुणगुणायचे, डीकन खालच्या पट्टीत साथ धरायचे. शेवटी एकदा तळवा उघडला तेव्हा खळगा काठोकाठ लाल होता. ती उभी राहिली, अंगठा वर, आणि चाप वाजला. तिने हात बदलून, वाकून, दमून बघितलं. वाजतच राहिला.

जिल्ह्याच्या सामन्यात रांगेच्या सुरुवातीला रँडलच हत्यारं तपासायला उभा होता. अर्नेस्टीनचं पिस्तूल रिकामं असल्याचं बघून त्याने हातात घेतलं आणि अंगठ्याने थेट मागची कळ चाचपली.

"बांधलेली नाही," तो म्हणाला.

"का बांधू?"

"आणि अडलं तर?"

"तर तू मला बाहेर काढ. सगळ्यांसमोर."

समोर लोखंडी ताटल्या उभ्या होत्या. शिट्टी झाली. पहिली ताटली वाजून पडली, दुसरी पडली, तिसरी. चौथीला गोळी चाटून मातीत गेली. मला वाटलं, आता थांबेल. पिस्तूल थांबलं नाही. तिने तीच ताटली पुन्हा नेमात धरली आणि पाडली, मग शेवटची. पिस्तूल एकदाही गप्प बसलं नव्हतं.

रँडलने वेळ लिहिली. पहिल्या फेरीच्या यादीत तिच्या पुढे अजून कितीतरी जण होते. "वाईट वाटून घेऊ नका, मिस अर्नेस्टीन," तो म्हणाला, आणि मनापासून म्हणाला. "नवीन पिस्तुलाचं असं होतं. एखादी चुकते."

अर्नेस्टीनने पिस्तूल रिकामं करून त्याला दाखवलं आणि कमरेच्या चामडी खोळीत ठेवलं.

"पिस्तूल चुकलं नाही, रँडल. मी चुकले. तेवढा हक्क मिळवायलाच ते बांधलंय." मग ती माझ्याकडे वळली. "चल, माझ्या पुढचे कसे खेळतात ते बघू दे मला."