गुडघ्यापर्यंतचा बॅले

एकोणचाळिसाव्या वर्षी बाईंच्या डाव्या गुडघ्याने असहकार पुकारला आणि त्या नाचायच्या थांबल्या. वीस वर्षं त्या बॅले कंपनीच्या पहिल्या नर्तकी होत्या. मग काही वर्षं त्यांनी इतरांचे नाच बसवले, आणि जुने कलासंचालक निवृत्त झाल्यावर त्यांची खुर्ची, त्यांची खोली आणि त्यांचं न उघडणारं कपाट बाईंच्या पदरात पडलं.

खुर्चीत बसल्यावर कळलं, की कलासंचालकाने नाच सोडून बाकी सगळं करायचं असतं. सकाळी मिटिंग, दुपारी मिटिंग. कंपनीच्या अध्यक्षांचा कुलपांचा कारखाना होता, त्यामुळे बॅलेत किती उड्या असाव्यात हे त्यांना बरोबर माहीत असे.

तरीही बाईंनी वर्षभर जीव ओतून एक बॅले बसवला. दृष्टी जात चाललेली आई मुलांना स्पर्शाने ओळखते, अशी गोष्ट. सगळी मदार हातांवर. "पाय कुणीही नाचवतं गं," त्या मुलींना म्हणत, "मला बोटं दाखवा!"

पहिल्या प्रयोगाला पडदा गुडघ्याएवढा वर गेला आणि अडकला. पडदेवाला दोराला लोंबकळला, पडद्याला शिव्या घालून झाल्या, पडदा ढिम्म. वाद्यवृंद सुरू झाला होता, मुली नाचत राहिल्या. चाळीस मिनिटं प्रेक्षकांनी फक्त पोटऱ्या पाहिल्या. बाई विंगेत डोकं धरून बसल्या. शेवटी टाळ्यांचा नुसता कडकडाट.

"छान झालं," पहिल्या रांगेतून उठून आलेली त्यांची आई म्हणाली. "पण तिसरीच्या बुटाची रिबीन कुणी शिवली? सुटत होती."

सकाळी समीक्षकाने लिहिलं, की चेहरा खोटं बोलतो हे सांगायचं धाडस आजवर कुणी केलं नव्हतं. बाईंनी त्याला फोन लावला.

"अहो, पडदा अडकला होता."

"काय हा विनय!" तो गहिवरला, आणि त्याने विनयावर वेगळा लेख लिहिला.

अध्यक्ष तर हवेतच होते. "दुरुस्तीवाल्याला मी परत पाठवलं. पडदा आता तिथेच."

"आणि हात?"

"आहेत की. आत."

सहा महिने प्रयोग तुडुंब चालले. बाईंना दोन पुरस्कार मिळाले. दोन्ही घेताना त्यांनी खरं सांगितलं आणि दोन्ही वेळा लोक खळखळून हसले. मग एका प्रयोगाला त्या मागच्या बाजूने रंगमंचाजवळ गेल्या आणि बघतच राहिल्या. पहिली नर्तकी केळं खात होती. दोघी कुजबुजत भांडत होत्या. एक चष्मा लावून पत्र वाचत होती. खाली पाय मात्र सुरेख चालले होते. फक्त शेवटच्या रांगेत, जिला सगळ्या मावशी म्हणत ती सर्वांत जुनी नर्तकी, एकेक बोट बसवल्याप्रमाणे फिरवत होती.

"कुणाला दिसतंय हे, मावशी?" नंतर बाईंनी विचारलं.

"दिसायचं राहू दे," मावशी घाम पुसत म्हणाली. "हात नाही फिरवला तर पुढचं पाऊल आठवत नाही मला."

बाईंना रडू आणि हसू एकदमच आलं. त्यांनी पडदेवाल्याला गाठून कप्पी दुरुस्त करून घेतली, आणि पुढच्या प्रयोगाला ऐन मध्यावर स्वतः दोर ओढला. पडदा सरसर वर गेला. केळं, चष्मा, भांडण, सगळं उजेडात आलं. प्रेक्षागृहात हाहाकार उडाला. मुली गोंधळल्या, मग मान वळवून मावशीकडे बघत एकेक हात आठवू लागल्या. अर्धे लोक उठून गेले. उरलेले शेवटपर्यंत बसले. त्यांच्यातली एकजण डोळे पुसत होती.

बाई लोकानुनयाला बळी पडल्या, असं समीक्षकाने लिहिलं. अध्यक्षांनी त्यांना 'आजीव मानद सल्लागार' केलं, म्हणजे खोली काढून घेतली.

"चल, आता दुपारी घरी जेवशील तरी," आई म्हणाली.

बाई जेवायला गेल्या, पण तासाभराने निघाल्या. मावशीने एका शाळेचा व्यायामाचा हॉल मिळवला होता, आणि कंपनीतल्या पाच जणी तिथे वाट बघत होत्या.