सतरा मिनिटं आधीची अजान

“रात्रभर डोळा लागला नाही, काका. सात वर्षांची पोर, दिवसभर पाण्याचा थेंब नाही. चक्कर आली तर? का मीच मेली घाबरट?”

माझ्यासमोर बसून इथली निवेदिका विसाम भेटीला आलेल्या लखदरकाकांना हे विचारत होती, तो माझ्या नोकरीचा शेवटचा दिवस. मी वाद झीतून गावच्या रेडिओचा माइक बोलतोय. सध्या मुक्काम कपाटात, साबणाच्या जाहिरातीच्या उरलेल्या मगांशेजारी. अंगाला वासही त्या साबणाचाच येतो. शी!

लखदरकाका इथले पहिले निवेदक. त्यांनी मला बसवलं तेव्हा स्टुडिओ म्हणजे ऑलिव्हच्या घाण्यामागची एक खोली. कोणाची गाढवी हरवली, उद्या घाण्यावर पाळी कोणाची, कोण वारलं, सगळं काका सांगायचे. तोंडाला तंबाखूचा वास, पण बोलण्याआधी रुमालानं तोंड पुसायचे. रमजानात ते खिडकीशी उभे राहत. डोंगराच्या माथ्यावरचं ऊन गेलं, घड्याळाशी जुळलं, की म्हणत, “वाद झीतून आणि आसपासच्या मंडळींनो, आपली वेळ झाली.” मगच अजान. आम्ही अल्जीरियाच्या पश्चिम टोकाला. राजधानीत सूर्य बुडाला की आमच्याकडे सतरा मिनिटांनी बुडतो. हे इथलं शेंबडं पोरही जाणतं.

मग फर्माइशींचा जमाना आला. प्रेमिकांची उसासे टाकणारी गाणी. तेही चालवून घेतलं.

पुढे बक्षिसांचा. च्युइंगम चघळणारा एक निवेदक माझ्या तोंडाला तोंड लावून किंचाळायचा, “साबण कोणता? मोठ्यानं ओरडा!” त्याची थुंकी माझ्या फोममध्ये वाळायची. नंतर लोकांना फोनवर घाबरवायचा कार्यक्रम. “तुमच्या मुलाला पोलिसांनी धरलंय,” म्हणायचं, आणि म्हातारी रडायला लागली की खिदळायचं. मला शिसारी यायची. गाव मात्र घरोघरी पोट धरून हसत होतं, तेही सांगून टाकतो.

यंदा नवे साहेब आले. आता सगळं राजधानीतून येणार, इथला संगणक ते आपोआप वाजवणार. विसामला तेवढा संध्याकाळचा अर्धा तास.

“आणि अजान, साहेब?”

“तीही आपोआप. कोणी हात लावायचा नाही.”

“पण आपली वेळ...”

“बाई, तुम्ही काळजीच फार करता.”

विसामला ते खरंच वाटलं.

रमजानचा पहिला दिवस. तिच्या लेकीचा, रानिमचा, पहिलाच रोजा. पोर आजीकडे उंच उशीवर बसलेली, समोर लिंबाच्या शरबताच्या ग्लासात चांदीची अंगठी. पहिला रोजा आमच्याकडे असाच सोडवतात. शेजारी रेडिओ.

अर्धा तास संपला. विसामनं निवृत्त काकांसाठी खजुराची बशी पुढे केली आणि अजान झाली. काकांनी खजूर उचलला, तोंडापर्यंत नेला, खाली ठेवला.

“विसाम, डोंगरावर ऊन आहे की गं!”

तिनं झडप घालून माझं बटण दाबलं. “थांबा! कोणी खाऊ नका! ही आपली अजान नाही!” माझा लाल दिवा लागलाच नाही. संगणकानं माझी वाट बंद केली होती. तिचा आवाज त्या खोलीतच राहिला, बाहेर साबणाची जाहिरात गेली.

“अख्ख्या गावाचा रोजा बुडवला मेल्यांनी,” काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी ‘तांत्रिक अडचण’ म्हणून हात झटकले आणि विसामचा अर्धा तासही काढून घेतला. मी कपाटात आलो. बरंच झालं. मला पुन्हा त्या टेबलावर नेऊ नका, ती थुंकी नको. पण रेडिओला एक खिडकी ठेवा, आणि खिडकीशी डोळे उघडे असलेलं एखादं माणूस.

अजान चुकली त्याच संध्याकाळी विसामनं घरी फोन लावला होता. फोन स्पीकरवर टाकून माझ्याशेजारी ठेवला. त्यामुळे मलाही ऐकावं लागलं.

“रानिम, बाळा, प्यायलीस का गं?”

“हो. मी म्हटलं आजीला, ऊन आहे अजून. आजी म्हणाली, आपला रेडिओ खोटं बोलत नाही.”