गाळलेलं कडवं

मानपाड्याची कंपनी बंद पडली तेव्हा सहदेवने ते घरी सांगितलंच नाही. रोज गणवेश चढवायचा, डबा घेऊन निघायचा आणि बंद गेटसमोर बसून तो संपवून परत यायचा. पोराने, विनीतने, एकदा ते पाहिलं. पाहिलं ते पाहिलं, वर त्याचं गाणं केलं! 'बाप माझा डबा खातो बंद गेटापाशी.' गाणं असं चाललं की डोंबिवलीपासून ठाण्यापर्यंत एक रिक्षा सुटली नाही. बेकार पोरं ते छाती ठोकून म्हणत, आणि सहदेवला मात्र चारचौघांत तोंड दाखवायची सोय उरली नाही. भाजीवालीसुद्धा विचारायची, गाण्यातला बाप तुम्हीच ना?

सहदेव पोराशी बोलेनासा झाला. तरी त्याने विनीतला मनातून पुरतं टाकलं नव्हतं, ते शेवटच्या कडव्यामुळे. त्यात कंपनी मोडीत विकून तिच्या जागेवर टॉवर उभारणाऱ्या शेठची सालटी काढली होती.

यंदाच्या दहीहंडीला स्टेज घातलं त्याच शेठने. विनीतला गायला बोलावलं आणि गाण्यातल्या बापाचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार ठरवला. पप्पा, तुम्ही नाही आलात तर माझी लाज जाईल, असं विनीत म्हणाला. लाजेची गोष्ट कोण करतंय बघा! सहदेव गेला, पण ते कडवं शेठच्या तोंडावर ऐकायला.

विनीत गायला. डबा आला, गेट आलं, गर्दी नाचली आणि गाणं तिथेच संपलं. शेठ हसत टाळ्या वाजवत होता. शेवटचं कडवं पोराने गिळलं होतं.

शाल अंगावर पडताच सहदेवने पोराच्या हातातला माईक ओढून घेतला. ना सूर ना ताल, नोटीस वाचावी तसं तो म्हणाला,

"भोंगा विकला, गेट विकलं, विकला आमचा घाम;
शेठ, तुझ्या टॉवरखाली गाडलं आमचं काम."

कुणीतरी माईक बंद केला. पण कडवं गर्दीला पाठ होतं, ती म्हणतच राहिली. शेठ उठून गेला.

"पप्पा, वर्षभराचे शो देणार होता तो," विनीत कळवळून म्हणाला. "मलापण पोट आहे ना?"

सहदेवने शाल काढून त्याच्या खांद्यावर टाकली.

"माझी लाज विकलीस, ती माझ्या एकट्याची होती. राग सगळ्यांचा होता रे, तो कुणाला विचारून विकलास? घे, सत्कार तुझाच."

नारळ मात्र त्याने परत केला नाही. घरी आमटीला लागणार होता.