माझ्यात दोष आहे, तसं लेखी द्या

मित्रांनो, मी एक नवीकोरी गाडी आहे. जुनी व्हायची मला फार इच्छा होती, पण त्यासाठी आधी चालावं लागतं.

माझा जन्म मोठ्या कारखान्यात झाला. एक यंत्र बोल्ट आवळायचं, दुसरं ते आवळले का बघायचं आणि तिसरं काचेवर 'तपासले' अशी चिठ्ठी चिकटवायचं. माझ्या गिअरबॉक्सची पाळी आली तेव्हा तिघंही जेवायला गेली असावीत. चिठ्ठी मात्र लागली.

मला बनारसच्या शिवरामशास्त्रींनी घेतलं. ते शिंदे घाटाजवळच्या गल्लीत राहतात. त्या गल्लीत गायसुद्धा वळू शकत नाही, म्हणून मी मोठ्या रस्त्यावर उभी असे. शास्त्रीबुवा पुरोहित. मोहल्ल्यातल्या प्रत्येक नव्या वाहनाची पूजा तेच करत. माझीही केली. चार चाकांखाली चार लिंबं ठेवली. ती चिरडेपर्यंत मी उत्तम चालले.

नवव्या दिवशी रामनगरच्या पुलावर, अगदी मधोमध, माझा गिअर अडकला. मागून वरात आली. नवरदेव घोड्यावरून मला मागे टाकून गेला. घोडा माझ्याकडे बघून गेला.

वर्कशॉपच्या मॅनेजरने मला धुतलं आणि कागदावर 'सब ठीक है' लिहिलं. म्हणाला, "पंडितजी, मशीन में कुछ नहीं है. किसी की नजर लगी है."

हे एखाद्या डॉक्टरने सांगितलं असतं, तर बुवांनी डॉक्टर बदलला असता. पण नजर हा त्यांचाच विषय. दुसऱ्या दिवशी त्यांनी नजर उतरवून ग्रहशांती केली. असं करत मी एकूण अकरा वेळा बंद पडले, अकरा वेळा धुतले गेले आणि माझ्या अकरा शांती झाल्या. इतकी पवित्र आणि इतकी निरुपयोगी गाडी बनारसमध्ये दुसरी नव्हती.

मग कोपऱ्यावरचा पानवाला बोललाच, "अपनी गाड़ी तो चलती नहीं, हमारी क्या चलाएँगे?" लोक स्कूटरच्या पूजेला दुसरे पंडित बोलावू लागले. त्या दिवशी शास्त्रीबुवा जेवले नाहीत. मित्रांनो, मला संताप आला. दोष माझ्यात आणि नाव त्यांचं खराब?

त्यांची मुलगी कस्तुरी बँकेत आहे. ती म्हणाली, "बाबा, नजर-बिजर काही नाही. वर्कशॉपचे सगळे कागद काढा. ग्राहक आयोगात जाऊ. वकील केलाच पाहिजे असं नाही."

तक्रार दाखल झाल्यावर आयोगाच्या सांगण्यावरून इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्राध्यापकांनी माझा गिअरबॉक्स उघडला. धुण्याऐवजी मला कुणी उघडण्याची ही पहिलीच वेळ. त्यांनी लिहून दिलं: बनवतानाच राहिलेला दोष. एवढं खरं माझ्याबद्दल कुणी लिहिलं नव्हतं.

सुनावणीला मला ओढून नेलं. मी खिडकीखाली उभी राहिले. कंपनीचे वकील सांगत होते, "ये खुद ग्रहदोष मानते हैं. ग्यारह बार शांति करवाई. ग्रह हमारी कंपनी नहीं बनाती."

बुवांनी पिशवीतून पंचांग काढलं. पूजेआधी संकल्प सोडतात, त्यात कुठे, कधी आणि कशासाठी ते सांगावं लागतं. बुवा ते पंचांगाच्या समासात लिहूनही ठेवत. त्यांनी वाचलं, "वैशाख वद्य पंचमी. काल रामनगर पुलावर गिअर अडकला, म्हणून." असे अकरा संकल्प. प्रत्येकाच्या आदल्या दिवशीचा वर्कशॉपचा कागद कस्तुरी पुढे ठेवत गेली.

शेवटी बुवा म्हणाले, "साहब, अच्छी गाड़ी की पूजा एक बार होती है. दोष मेरे मंत्र में नहीं, गाड़ी में है."

आयोगाने तेच लिहिलं. नवी गाडी द्या किंवा सगळे पैसे परत करा, शिवाय भरपाई. बुवांनी नवी गाडी मागितली आणि निकालाची प्रत देवघरात लावली. आता पानवाला रोज देवघरात उदबत्ती लावायला येतो आणि तेवढ्यात ती प्रत वाचून जातो.

मित्रांनो, तुमच्या गाडीशी प्रेमाने वागा, पण तिच्या वतीने गप्प बसू नका. ती बंद पडली की तारीख, जागा लिहा. वर्कशॉपचा कागद घेतल्याशिवाय निघू नका आणि 'सब ठीक है'खाली सही करू नका. दोन वर्षांच्या आत तक्रार करा. आम्हाला तोंड नसतं, तुम्हाला आहे.

परवा कंपनीचा ट्रक मला न्यायला आला. वर्कशॉपचा मॅनेजर स्वतः मला चालवत ट्रकमध्ये चढवत होता. ट्रकला लावलेल्या फळीवर अर्ध्यात मी बंद पडले. त्याने खाली उतरून इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच पानवाल्याला विचारलं, "भैया, नींबू मिलेगा?"