करारात न बसलेला हापसा

मी हापसा बोलतोय. होय, तोच, ज्याला तुम्ही दांडा मारता मारता शिव्या घालायचात आणि पाणीही त्याचंच प्यायचात. शिव्यांचं मला कधी काही वाटलं नाही. घरच्या माणसालाच माणूस हक्कानं बोलतो. राग आहे तो दुसऱ्याच गोष्टीचा.

कारखान्यात ओतून, ठोकून मला तयार केलं आणि एका गल्लीच्या तोंडाशी आणून रोवलं. पाणी जरा मचूळ होतं, पण भर उन्हाळ्यातही आटलं नाही. दांडा जड, स्वभाव कुरकुरणारा. तरी कुणाची बादली रिकामी परत पाठवली नाही.

सगळ्यात जास्त राबवलं मला लाँड्रीवाल्या मावशीनं. माझ्यासमोरच तिचं दुकान. लॉजच्या चादरी, दवाखान्याचे पडदे असा ढीग रोज पडायचा. नवरा गेल्यावर याच धंद्यावर तिनं लेकीला नर्स केलं, सासूला सांभाळलं. "चल रे बाबा, आज नखरे नकोत," म्हणत ती दांडा धरायची. माझा वॉशर झिजला की पालिकेच्या फिटरच्या मागे हात धुऊन लागायची. मला वाटायचं, ही आपली.

मग पालिकेनं पाण्याचं काम एका कंपनीबरोबर भागीदारीत करायचं ठरवलं. धरणातून पाणी आणून टाकी भरायची पालिकेनं, टाकीतून घरोघरी पोचवायचं कंपनीनं. नळाला चोवीस तास पाणी! माझ्याच ओट्यावर सभा झाली. कंपनीची बाई गोड बोलायची. शेवटी जाता जाता म्हणाली, "फक्त एक आहे हं. करारात अट आहे, भागात पाण्याची दुसरी सार्वजनिक सोय ठेवायची नाही. हा हापसा काढावा लागेल."

"राहू दे की बिचारा. काय खातोय तुमचं?" शिंपीकाका म्हणाले.

"काका, फुकटचं पाणी समोर असल्यावर नळ कोण घेणार? कंपनीला परवडायला नको?"

मग हापसा काढायचा का, यावर हात वर करायला सांगितले. पहिला हात वर झाला तो मावशीचा. "काढा एकदाचा. माझे खांदे गेले याच्यापायी."

खांदे गेले होते, खोटं नाही. सासू त्यांना तेल चोळताना मी पाहिलंय. पण निदान पहिला हात तरी तिनं वर करायला नको होता. केसानं गळा कापला हो माझा.

मला उपटलं, पाइप ओढून काढले, बोअरमध्ये काँक्रीट ओतलं. भंगारात टाकलं असतं तरी बरं. कंपनीनं मला पिवळाधमक रंग दिला आणि आपल्या ऑफिसच्या दारात फरशीवर उभं केलं. शेजारी पाटी लावली, 'कष्टाचे दिवस संपले.'

सुरुवातीला नळांना धो धो पाणी आलं. मावशीनं धुलाईची मोठी मशिनं घेतली. समोरून जाताना माझ्याकडे वळूनही बघायची नाही.

कंपनीला पैसे मिळायचे ते नळ जोडण्याचे, पाणी येण्याचे नाहीत. मग काय, जोडत सुटली. तिकडे धरणापासूनची नवी लाइन पालिकेनं घातलीच नाही. टाकी अर्धी, नळ दुप्पट. पाणी दिवसाआड आलं, मग करंगळीएवढी धार, मग नुसती फुसफुस. मी दारातच उभा, त्यामुळे सगळं कानावर पडायचं. कंपनीचा साहेब म्हणायचा, "आधी टाकी भरून द्या. आम्ही काय पाऊस पाडणार?" पालिकेचा साहेब म्हणायचा, "पोचवायचं तुम्ही. तुमच्या पाइपांतून निम्मं पाणी गळतंय!" दोघांचंही खरं होतं, आणि बादल्या रिकाम्या होत्या. शेवटी दोघं कोर्टात गेले आणि कंपनीनं ऑफिसला कुलूप ठोकून पोबारा केला.

कुलूप बघायला पालिकेचा साहेब आला, तेव्हा मावशीनं त्याला माझ्यासमोरच गाठलं.

"साहेब, चादरी परत गेल्या माझ्या. नळ नको आम्हाला. आमचा हापसा द्या."

"बोअर बुजवलाय, मावशी."

"मग नवा मारा."

"केस चालू आहे. निकाल लागेपर्यंत करार कायम. दुसरी सोय करता येत नाही."

"अहो, पण कंपनीच पळाली ना!"

"कंपनी पळाली, मावशी. करार कुठे पळालाय?"

मावशी तिथंच माझ्या फरशीवर बसली. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. आता तिची मशिनं विकली गेली आहेत. ती लांबच्या एका लाँड्रीत दुसऱ्याच्या हाताखाली कपडे धुते.

परवा एक अनोळखी बाई आली. कडेवर पोर, हातात कॅन. तिनं कॅन माझ्या तोंडाखाली लावला आणि दांडा मारायला लागली. मी कुरकुरलो. तिला वाटलं, येतंय आता. तिनं पोर खाली ठेवलं, पदर खोचला आणि दोन्ही हातांनी जोर लावला. पोर कॅनमध्ये वाकून बघत होतं.

कामावरून परतणारी मावशी धावत आली. "अगं, सोड! खाली काही नाही त्याच्या. शोभेला ठेवलाय तो."

बाईचा श्वास फुलला होता. तिनं माझ्याकडे असं बघितलं, जसं मी त्या सभेत मावशीकडे बघितलं होतं.

मला फसवणारे पुष्कळ झाले. त्यांच्यात मला नका बसवू. भंगारात घाला, वितळवा, काय वाटेल ते करा, पण आधी माझा हा दांडा काढून घ्या.