कोठडीसमोरची पेटी

मी चौकीतली औषधाची पेटी बोलतेय. पिंपळनेरच्या पुढं, डोंगराकडच्या एका पोलीस चौकीत, कोठडीच्या अगदी समोर मी भिंतीवर टांगलेली आहे. पत्र्याची, पांढरी, छातीवर लाल फुली.

आतला माणूस आजारी पडला तर औषध हाताशी असावं, म्हणून मला इथं लावलं. पण वर्षभर माझ्यावर नुसत्या टोप्या ठेवतात. तपासणी येणार असं कळलं, की मग माझी आंघोळ.

त्या सोमवारी हवालदार जीवरामभाऊंनी मला पुसलं, यादीप्रमाणे औषधं मांडली. तेवढ्यात रत्ना आली. कडेवर सहा महिन्यांची पोर. बांधाच्या भांडणावरून तिच्या नवऱ्याला, नवलला, दुपारीच आत घातलं होतं.

"भाऊ, यासले मिरगी शे. सकाय-सांजले एक एक गोळी द्या. चुकनी का झटका येस." तिनं गोळ्यांची पट्टी पुढं केली.

"देतो गं बाई. तुझा नवरा पाव्हणाच आहे आमचा!" जीवरामभाऊ हसले. माणूस वाईट नव्हता. पट्टी हरवू नये म्हणून त्यांनी माझ्यातच ठेवली. मग सवयीनं झाकण लावलं, वर कागद चिकटवला, सही-शिक्का केला. तपासणीआधी तो कागद फोडायचा नाही, अशी तिथली रीत.

संध्याकाळी नवलनं गोळी मागितली. भाऊ माझ्याकडे बघतच राहिले. "कागद फाटला तर साहेब मला सोलून काढतील रे. उद्या अकराला डॉक्टर मॅडम तपासणीला येतील, कागद फुटला की पहिली गोळी तुलाच."

दुसऱ्या दिवशी अकराला मॅडम आल्या नाहीत. बाराला नवल पडला. डोकं फरशीवर आपटत होतं, तोंडाला फेस. मी समोर, भरलेली, बंद. त्याला जीपमध्ये घालून नेलं. थोड्या वेळानं जीवरामभाऊंचा फोन वाजला. नवल वाटेतच गेला होता.

तीनला मॅडम आल्या. कागद फोडला. "ही पट्टी यादीत नाही. कोणाची?"

दारात रत्ना उभी होती, फडक्यात भाकरी घेऊन. तिला अजून कोणी काही सांगितलं नव्हतं. तिनं मॅडमच्या हातातली पट्टी पाहिली.

"भाऊ, एकबी नही दिनी?"

तिनं पोरीला छातीशी इतकं आवळलं, की पोर रडायला लागली.

तपासायला येणाऱ्यांनो, मी गच्च भरलेली दिसले तर खूश होऊ नका. माझ्यातलं काय कोणाला दिलं, ते आधी विचारा.