यजमानाचं नाव

सुनेत्राने रकान्यात ‘अहो’ असं टाइप केलं आणि सोसायटीतले सगळे नवरे तिच्या हॉलमध्ये येऊन बसले.

बोरस्ते बनियनवरच आले, शब्दकोडं हातात घेऊन. रात्रपाळीचे पगारे तोंडात ब्रश घेऊन आले. नवरे वाढत गेले तसा सोफा लांबत गेला आणि भिंत निमूट मागे सरकली. बसताना प्रत्येकाने विचारलं, “काय गं?”

“तुम्हाला नाही बोलावलं,” सुनेत्रा म्हणाली.

“अहो म्हणालात ना?”

“म्हणाले.”

“मग आलो,” बोरस्ते म्हणाले. “चहात साखर कमी.”

चूक तिची होती आणि नव्हतीही. मोठाल्या कंपन्यांचा कारभार चालवणारे प्रोग्रॅम लिहायला शिकवणाऱ्या क्लासला तिने नाव घातलं होतं. शिकणं पुढे, आधी प्रत्येकाने आपल्या लॅपटॉपवर सगळी मांडामांड करायची होती. दिवेलागणीपर्यंत सर्व्हर सुरू झाल्याचा फोटो आला नाही तर जागा दुसऱ्याला, असं मॅडमनी बजावलेलं. जावा बसला. डेटाबेस बसला. सर्व्हरने भाषा विचारली, तेव्हा तिने हौसेने मराठी निवडली. त्यावर तो ‘लोकल होस्ट’चं मराठी करून म्हणाला: ‘स्थानिक यजमान सापडला नाही.’

सुनेत्राला हे रास्तच वाटलं. तिचे यजमान मस्कतला होते. लेक तिसरीत असताना गेले, आता लेकीला स्थळं येत होती. “तुला तिथे नोकरी लागू दे, मी परतीचं तिकीट काढतो,” असं ते दर शुक्रवारी फोनवर म्हणत. म्हणून तर हा क्लास.

खाली रकाना होता: ‘यजमानाचे नाव’. ते तिने लग्नातल्या उखाण्यानंतर कधी घेतलं नव्हतं. नाव घेतल्याने नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, असं सासूबाई सांगत. सुनेत्राचा विश्वास नव्हता. पण पाळायला खर्च काही येत नव्हता, म्हणून पाळत आली होती. तेव्हा तिने आपलं रोजचं ‘अहो’ लिहिलं.

आता सर्व्हर म्हणत होता: ‘अनेक यजमान सापडले. एकच चालेल.’

दारात बोरस्तेवहिनी उभ्या होत्या. “आमचे इकडे आलेत का?”

“आलेत. पाठवू?”

“नको, बसू देत. तेवढ्यात माझा ओटा आवरून होतो.”

‘जागा अपुरी’, अशी नवी ओळ उमटली आणि भिंती आत येऊ लागल्या. नवऱ्यांचे गुडघे टेबलाला टेकले. कुणी तक्रार केली नाही, फक्त पाय पोटाशी घेतले. सुनेत्राने ‘अहो’ खोडलं आणि ‘वि’ लिहिलं.

बरेचसे नवरे उठले. “आपलं नाही हे,” म्हणत पगारे ब्रश घेऊन गेले. बोरस्त्यांचं नाव विलास, ते बसून राहिले. टेबलाखाली बुटांचा एक जोड येऊन उभा राहिला. त्यावर नाशिकची नव्हती अशी धूळ होती.

फोन वाजला.

“अगं, माझे बूट दिसत नाहीत.”

“इथे आलेत.”

“पायांसकट?”

“थांबा, बघते.” तिने वाकून पाहिलं. “पायांसकट.”

तिने ‘द्या’ लिहिलं. “माझं इथपर्यंतच जमत होतं,” म्हणत बोरस्ते नाइलाजाने उठले. खुर्चीत पँट भरली, मग शर्ट, मग बाह्यांत हात. मनगटावरचे केस पांढरे झाले होते.

“अहो, हे कधी झालं?”

“हळूहळू. व्हिडिओत मी हात खाली ठेवायचो.”

सुनेत्राने ‘ध’ लिहिलं. हनुवटी आली, घाईत दाढी केलेली. डाव्या बाजूला जरा राहिली होती, तशीच जशी नेहमी राहायची.

“आता बोलण्यापुरतं तोंड राहिलंय इकडे,” फोनमधून आवाज आला. “सुपरवायझर बघतोय.”

“काही म्हणतोय का?”

“नाही. तोही कमरेपर्यंत त्याच्या घरी गेलाय.”

भिंती आता खुर्च्यांच्या पाठीला लागल्या होत्या. यजमानांचे गुडघे तिच्या गुडघ्यांना टेकले. तिने काढून घेतले नाहीत. खिडकी पोस्टकार्डाएवढी उरली होती आणि तेवढ्यातून समोरच्या घरात कुणी देवापाशी दिवा लावताना दिसत होतं.

“नाव पुरं कर,” ते म्हणाले.

“आयुष्य कमी होतं म्हणतात.”

“किती?”

“ते सासूबाईंनी सांगितलं नाही.”

“आई अर्धाच हिशेब सांगायची.” “कमी तर इकडेही होतंच आहे गं. तिकडे झालेलं बरं.”

बोरस्त्यांसाठी केलेला चहा टेबलावर तसाच राहिला होता. यजमानांच्या हातांनी तो चाचपून घेतला, बशीत ओतला, नेहमीसारखा थोडा सांडला. मग बशी उचलून तोंड यायचं होतं त्या उंचीवर धरली.

सुनेत्राने ‘र’वर बोट ठेवलं.